रिकाम्या सीटचा पट्टा

रामचंद्रने नाना गाड्या चालवल्या, पण काळूरामशेठच्या त्या काळ्या गाडीची सर कशालाच नव्हती. सात माणसं घेऊन घाट चढताना तिला धाप लागत नसे. दार लावलं की न्हावा शेव्याच्या कंटेनरांचा गोंगाट बाहेरच राही. मागची रांग आडवी केली की मिठाच्या सहा गोणी मावत. शेठचे गुडघे गेलेले, म्हणून डावं मागचं दार उघडलं की गाडी आपणहून खाली बसे आणि ते उतरले की उठे. गावच्या गल्लीत वळवताना मात्र रामचंद्रला घाम फुटे. शेठ मागून म्हणत, "म्हैस हाय ती. दमानं घे."

शेठ मूळचे मिठागरातले. ट्रेलर झाले, बंगला झाला, मिठागर बंद पडलं, तरी दर अवसेपुनवेला भर दुपारी उधाणाची भरती आली की ते बांधावर जात. बांधातल्या उघाडीच्या, म्हणजे पाण्याच्या दाराच्या, फळ्यांतून खाडीचं पाणी आत झिरपत नाही ना, ते बघत.

चैत्रात ते गेले. पुढच्याच अवसेला बांधाच्या फाट्यावर त्यांच्या रिकाम्या सीटचा इशारा वाजू लागला, पट्टा लावा म्हणून. मेकॅनिकनं दोनदा तपासलं. बिघाड सापडला नाही. शेवटी रामचंद्रने कुठलाही ड्रायव्हर करतो तेच केलं. रिकाम्या सीटवरून पट्टा ओढून खाचेत अडकवला. आवाज थांबला. पण त्या दिवसापासून डाव्या काचेवर आतून वाफेचा एक ठिपका धरू लागला. पुसला की परत येई.

मग शेठच्या मुलानं, धनेशनं, गाडी पुण्याच्या एकाला विकली. पोचवायचं काम रामचंद्रवर आलं, आणि दिवस नेमका अवसेचा. शेठची बायको सोनूबाई फाट्यापर्यंत येते म्हणाली आणि मागे उजवीकडे बसली. आधी तिला काच दिसली, मग पट्टा.

"ह्यो कोनी लावला?"

रामचंद्रने सगळं सांगितलं.

"बांधून ठेवलंस की रे त्यांना," ती म्हणाली. "गाडीबरोबर ते बी जातील. पुण्याला खाडी कुठं हाय?"

रामचंद्रने फाट्यावर गाडी वळवली.

बांधाला भरती टेकली होती. वारा पडलेला, माणूस नाही. त्यानं पट्टा सोडला, डावं दार उघडलं. गाडी खाली बसली आणि तशीच राहिली. शेठला एकेक पाय बाहेर काढायला जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ. मग सावकाश उठली. काच कोरडी झाली होती.

"काकी, घरी सोडतो तुम्हाला."

"तू नीघ. आमी येतो चालत."

निघताना त्यानं आरशात पाहिलं. काकी बांधाच्या अगदी कडेनं चालली होती, शेजारी एका माणसाची जागा सोडून. दर दहा पावलांवर ती थांबत होती.

तिचे गुडघे तर धडधाकट होते.