अण्णांचं नसलेलं वाक्य

उमरीच्या बसस्टँडसमोरच्या फ्लेक्सवर माझ्या वडिलांचं वाक्य वाचलं तेव्हा मला आधी हसूच आलं. वर एका महापुरुषाचा भलामोठा फोटो, खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग आणि मधोमध सोनेरी अक्षरांत: 'खरं बोलायला मोठं व्हायची वाट बघू नका.' त्याखाली महापुरुषाचं नाव. ते नाव मी इथं लिहिणार नाही. भित्री म्हणा हवं तर.

अण्णा, म्हणजे माझे वडील, उमरीजवळच्या एका खेड्यात शिक्षक होते. शाळेच्या व्हरांड्यातल्या फळ्यावर रोजचा सुविचार तेच लिहायचे. पुस्तकातले संपले की स्वतःचे लिहायचे. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, खिचडी कशी असते? सगळे शिक्षक म्हणाले, छान. अण्णाही म्हणाले. तिसरीतली एक पोरगी मात्र उठून बोलली, "किडे असतेत." त्या दिवशी अण्णा नीट जेवले नाहीत आणि सकाळी शाळेत जाऊन त्यांनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं. खाली नाव घातलं नाही. सुविचाराखाली स्वतःचं नाव लिहायची त्यांना लाज वाटायची.

मग दरवर्षी ते वाक्य एकदा तरी फळ्यावर यायचंच. त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी ते नेमकं त्या महापुरुषाच्या जयंतीच्या दिवशी आलं. जयंतीला शाळेत काय करतात ते आपल्याला ठाऊक आहे. खुर्चीवर चादर, चादरीवर फोटो, फोटोला झेंडूचा हार. त्या वर्षी ती खुर्ची मांडली फळ्याच्या बरोबर खाली, आणि कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला. वर वाक्य, खाली महापुरुष. खोटं कुणीच बोललं नाही. बघणाऱ्यांनी आपापल्या मनात जोडून घेतलं, एवढंच. बिननावाचं वाक्य आपल्याला जत्रेत चुकलेल्या पोरासारखं वाटतं. जवळ दिसेल त्या थोर माणसाच्या मांडीवर नेऊन बसवलं की आपला जीव थंड होतो.

तो फोटो धर्माबाद, देगलूर फिरून लातूरला माझ्या मोबाइलवरही येऊन गेला होता, 'सुप्रभात' म्हणून. त्यानंतर हा फ्लेक्स. माहेरी पोचल्यावर मी सांगितलं तर अण्णांना गंमत वाटली. संध्याकाळी हॉटेलात चहा पिता पिता ते कौतुकानं म्हणाले, "ते वाक्य माझं हाय बरं का." शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी मोबाइल चालू होता.

दोन दिवसांत त्या बोलण्याचा व्हिडिओ गावभर झाला. त्यावर कुणीतरी लिहून टाकलं होतं: गुरुजी स्वतःला महापुरुषाच्या वर समजतेत.

दुपारी काही जण घरी आले. बहुतेक अण्णांचेच विद्यार्थी. चपला दाराबाहेर ओळीनं काढल्या, अण्णांच्या पाया पडले. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला एवढी भीती वाटली नसती.

"गुरुजी, तुमच्या मनात तसं न्हाई, आम्हाला म्हाईत हाय," त्यांच्यातला थोरला म्हणाला. "पण पोरं लई तापून राहिलेत. आमचं ऐकून न्हाई राहिले."

"कोणती पोरं?" मी विचारलं.

"असतेत की ताई, बाहेर."

बाहेर गल्लीत मोटारसायकली उभ्या होत्या. बंद केलेल्या नव्हत्या.

अण्णांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "फळ्यावर कोण लिहायचं ते? तू तर पहिल्या बाकावर बसायचास."

त्यानं मान खाली घातली. "तुम्हीच लिहायचे गुरुजी. म्हणून तर मी आलो. मी न्हाई आलो तर दुसरे येतेत."

त्यानं मोबाइल धरला. अण्णा भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "ते वाक्य माझं न्हाई. मी चुकलो." आवाज नीट आला नाही म्हणून त्यांना परत बोलायला लावलं. सगळे जण आईच्या हातचा चहा पिऊन, परत पाया पडून गेले. त्या कपबशा मी रागारागानं विसळल्या. पण ते वाक्य अण्णांचंच आहे, हे मीही त्यांच्यासमोर बोलले नव्हते.

आईच्या आग्रहानं अण्णांना मी लातूरला घेऊन आले. इथं ते कमी बोलतात. सुविचार तर नाहीच. गेल्या आठवड्यात माझी मुलगी वक्तृत्व स्पर्धेचं भाषण त्यांना म्हणून दाखवत होती. तीही तिसरीतच आहे.

"माझे आजोबा म्हणतात, खरं बोलायला मोठं व्हायची वाट बघू नका..."

"तसं न्हाई म्हणायचं," अण्णांनी तिला थांबवलं आणि महापुरुषाचं नाव सांगितलं. "हे म्हणून गेलेत, असं म्हण. आणि नाव मोठ्यानं घे. शेवटच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे."

ती गोंधळली. "पण आजोबा, हे तर तुमचं आहे ना?" आपल्या खणखणीत आवाजात तिनं विचारलं.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. खिडकी गल्लीकडे उघडी होती. मी उठले आणि आधी ती लावून घेतली.