सरासरीत पुसलेलं उत्तर

तारा चिकटवण्यासाठी कानामागे चोळलेल्या मलमाचा तो उग्र वास आठवला, की आजही माझ्या अंगात संतापाची तिडीक उठते. चैत्रातल्या त्या दुपारी शहरातल्या दवाखान्यात माझी भाची मुक्ता डोक्याला तारा लावून झोपली होती, आणि आमच्या उंद्री गावाहून निघताना वाऱ्यावर आलेला कडुनिंबाच्या मोहराचा गंध तिच्या केसांत अजून रेंगाळत होता.

हाकेला ओ देत नाही, सांगितलेलं ऐकत नाही, म्हणून शाळेतल्या बाई तिला हट्टी म्हणत. गावातल्या तपासणीत कान उत्तम निघाले, तेव्हापासून तिचा बाप, माझा भाऊ दिनकर, तिला ढोंगी म्हणू लागला, मारू लागला. आता शाळाच बंद करतो म्हणाला, तेव्हा मी भांडून दोघांना इथे आणलं होतं.

तिच्या कानात यंत्राची बारीक टकटक चालू होती. मेंदूचं त्यावरचं उत्तर इतकं क्षीण असतं, डॉक्टरबाई सांगत होत्या, की ते मेंदूच्याच कोलाहलात बुडून जातं. म्हणून हजारो आवाजांनंतरच्या लहरी एकावर एक ठेवून त्यांची सरासरी काढायची. कोलाहल आपोआप विरतो, उत्तर तेवढं वर येतं. पण पडद्यावरची रेघ उन्हाळ्यातल्या वावरासारखी सपाटच राहिली.

"कान चांगलाच आहे," त्या म्हणाल्या. "पण तिची नस दर वेळी थोडं मागेपुढे उत्तर देत असावी. त्यामुळे सरासरीत उत्तरही पुसलं जातं. तिला आवाज येतो, शब्द उमगत नाहीत."

उपाय आहे, वेळ लागेल. शाळा मात्र तोडू नका, असं त्यांनी बजावलं. दिनकर खाली मान घालून ऐकत होता.

परतीच्या बसमध्ये तो पुटपुटला, "मले काय माहीत होतं?"

"विचारलं होतंस का कधी?" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. शेजारचे प्रवासी वळून पाहू लागले, तरी मला लाज वाटली नाही.

बऱ्याच वेळाने तो मुक्ताकडे वाकून काहीतरी बोलला. ती त्याच्या ओठांकडे टक लावून, श्वास रोखून पाहू लागली. याच नजरेला तो इतकी वर्षं उद्धटपणा म्हणत आला होता. त्यालाही ते त्याच क्षणी कळलं असावं, कारण बोलता बोलता तो मध्येच थांबला. आणि मुक्ता, वाक्य पूर्ण होईल म्हणून, तशीच बघत राहिली.