सोडून दिलेले ढेकूण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवरा गेला, त्याला माहीत नव्हतं. मुलींना माहीत नाही. मागच्या महिन्यात विहारात माझा सत्कार झाला – बालवाडीच्या बाई, मुंगीवरसुद्धा पाय न देणाऱ्या – तेव्हा शाल अंगावर घेऊन मी खाली मान घालून बसले होते. लोकांना वाटलं, केवढा विनय! कसला विनय? माझाच मला संताप आला होता. अजून आहे. तेव्हा आता ऐकून घ्या, मध्ये बोलू नका.

तेरच्या अलीकडं आमची वस्ती. पंच्याऐंशी-शहाऐंशीचे ते उन्हाळे, तेरणेचं पात्र कोरडं ठणठणीत, पाणी टँकरचं. ढेकूण कुणाच्या घरात नव्हते? बाजेवर उकळतं पाणी ओतावं म्हटलं तर प्यायलाच पुरत नव्हतं. पण पाणी असतं तरी सासूबाईंनी ओतू दिलं नसतं. दीक्षा घेतल्यापासून त्या पंचशील नुसतं म्हणत नव्हत्या, पाळत होत्या. बाज उन्हात आणून आपटायची, खाली पडलेले ढेकूण केरसुणीनं पावडरच्या रिकाम्या डब्यात भरायचे आणि नदीपलीकडं नेऊन सोडायचे. हे काम माझं. लोक हसायचे. सासूबाईंना मात्र कुणी दोष देऊ नका, त्यांचं मन खरोखरच तसं होतं.

आमच्या शेजारी सरूअक्का. नवरा वारलेला, वाकळा शिवून पोट भरायची. लोक जुनी लुगडी, धोतरं आणून द्यायचे आणि ती थरावर थर घालून इतका बारीक टाका घालायची की उलटसुलट ओळखू येऊ नये. घर लख्ख. सासूबाई रोज म्हणायच्या, अक्काच्या घरात एक ढेकूण दावून दे मला. रोज! त्यात दूध सोसायटीच्या चेअरमनकडं लग्न निघालं आणि पाहुण्यांसाठी त्यांनी अक्काला आठ वाकळा सांगितल्या. दुष्काळात एवढं काम म्हणजे केवढी गोष्ट. शिवून झालेल्या वाकळा तिनं घड्या घालून ओट्यावर रचून ठेवल्या होत्या.

त्या दुपारी मी डबा घेऊन निघाले. ऊन मी म्हणत होतं, पाय भाजत होते, नदीपलीकडं कोण जाणार – इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले. खोटं आहे. उकिरडा जवळ होता की. बाभळीचं बन जवळ होतं. मग मी अक्काच्या ओट्यावर कशाला चढले? ती टँकरवर गेलीय हे मला माहीत होतं. मी एकेक घडी उचलली, आणि आत डबा झाडला. आठही वाकळांत, वाटून. तिचं ते रोजचं कौतुक मला सोसत नव्हतं. जळत होते मी, दुसरं काही नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, नीट सोडलेस ना? सोडले म्हटलं. बघा, खोटंसुद्धा बोलले नाही!

लग्नात पाहुणे रात्रभर खाजवत बसले. दुसऱ्या दिवशी चेअरमनच्या गड्यानं आठही वाकळा अक्काच्या दारात आणून फेकल्या आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं बोलला, की तुमच्याकडून दुसरं काय येणार. मला त्याचा राग आला. खरंच आला! त्यांच्या बाजा काय सोन्याच्या होत्या? पण रागवायचं तोंड तरी होतं का मला? आठवड्याभरात बाकीच्यांनीही आपापली लुगडी परत नेली. अक्कानं तीन दिवस त्या वाकळा नदीच्या तापलेल्या दगडांवर पसरल्या, झटकल्या, पुन्हा पसरल्या. टाक्याटाक्यात शिरलेले ते, जातात कुठं? चौथ्या दिवशी तिनं सगळ्यांचा ढीग केला आणि पेटवून दिला.

रविवारी वंदनेनंतर विहारात तिला विचारलं गेलं, जिते जीव जाळलेस? विचारणारे कोण? दर हंगामात तुरीवर पंपानं औषध मारणारे, हाताला आठवडाभर त्याचा वास वागवणारे! आणि ती डोक्यावर पदर घेऊन समोर बसलेली. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, तिची गत तिलाच ठाव, गप बसा.

मी तेव्हा सांगू शकले असते. निदान गप्प बसायचं. तेही जमलं नाही. सगळ्यांसमोर मी उठले आणि म्हणाले,

"अक्का, माझ्याकडं द्यायच्या हुत्या. एकेक निवडून लांब सोडून आले असते म्या."

माना डोलल्या. कुणीतरी साधू साधू म्हणालं. आणि अक्कानं – माझ्या आईच्या वयाची ती – मला हात जोडले.

"व्हय बाई, माझं चुकलं. तुझ्यावानी मन न्हाय माझं."

मी ते हात जोडू दिले.

त्यानंतर तिच्याकडं कुणी वाकळ शिवायला टाकली नाही. ती रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. बोटांना भेगा पडल्या, पुढं सुई धरता येईना. माझ्या धाकटीच्या वेळी माझ्या उशापायथ्याशी तीच बसली होती. अकरा वर्षं ती माझ्या शेजारी राहिली, कुडाला कूड लावून. रोज सकाळी मला विचारायची, चहा झाला का बाई. मी म्हणायचे, झाला अक्का. आणि ढेकूण कुठून आले, ते ती मरेपर्यंत मी तिला सांगितलं नाही.