टाळ्यांसाठी सोडलेली जागा

आमच्या जळगावच्या घरात कोरी वही कधी आली नाही. वडील समाजसुधारणेच्या चळवळीतले. छापून उरलेल्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली, पाढे लिहिले, पहिला निबंधही तिथेच लिहिला. कागदाची एक बाजू वाया घालवणं म्हणजे लोकांच्या वर्गणीची नासाडी, असं वडील म्हणत. मी ते मानत होतो. अजूनही मानतो.

धुळ्याचे मामा वेगळ्या दुनियेतले. तरुणपणी ते मुंबईच्या हॉटेलांत ट्रम्पेट वाजवायचे, जाझ. तिथेच एका चित्रपटाचं सगळं पार्श्वसंगीत त्यांनी रचलं आणि वाजवलं. निर्माते आपसांत भांडले, चित्रपट डब्यातच राहिला. मामा धुळ्याला परतले आणि त्यांनी लग्नाचा बँड काढला. त्या संगीताची एक प्रत तेवढी त्यांनी ध्वनिफितीच्या मोठ्या स्पूलवर आणली होती. त्यांच्या खोलीत ओल यायची, म्हणून स्पूल आमच्याकडे ठेवली.

"दाजी, हाई सांभाळी ठेवा," ते वडिलांना म्हणाले होते. "मनाकडे हाई एकच शे."

मी अकरावीत असताना वडिलांनी साध्या लग्नांची मोहीम काढली. हुंडा नको, मानपान नको, वरात नको, बँड नको. जीपला कर्णा बांधून गावोगाव भाषण ऐकवायचं ठरलं. आवाज माझा, मजकूरही माझाच. दुसऱ्या दिवशी सकाळी जीप निघणार होती आणि कोरी फीत संपली होती. कपाटात मामांची स्पूल होती.

ती कोणाची हे मला ठाऊक होतं. चुकून घेतली असं मी आजवर दोन जणांना सांगितलं आहे. ते खोटं आहे. हॉटेलात पिणाऱ्यांसाठी वाजवलेलं संगीत लोकांच्या काय उपयोगाचं, असा मी विचार केला. पत्रक उलटं करावं तितक्या सहज फीत घरच्या रेकॉर्डिंग मशीनला लावली आणि बटण दाबलं.

भाषण कसं करायचं ते वडिलांनी शिकवलं होतं. प्रत्येक मुद्द्यानंतर थांबायचं, मनात चार आकडे मोजायचे, लोकांना टाळ्यांसाठी जागा सोडायची. खोलीत मी एकटाच होतो. तरी दर मुद्द्यानंतर जागा सोडली.

जीप असोद्याला गेली, भडगावला गेली, सोनगीरलाही गेली. 'बँडपुढे नाचणारा समाज पुढे जात नाही' हे माझं वाक्य पुष्कळांना पाठ झालं. त्या हंगामात मामांनी वाजंत्री कमी केले, एवढं आईकडून कळलं.

एकोणीसशे नव्वदनंतर वडील गेले आणि मोहिमेचं ऑफिस रिकामं करायची वेळ आली. तोवर मामांचे पुढचे दात पडले होते. दात गेले की ट्रम्पेट गेला. ते नुसती काठी घेऊन बँडच्या पुढे चालायचे. स्वरलिपीचे कागद मुंबईतच राहिले होते. ऑफिसच्या आवराआवरीला ते मुद्दाम आले, आणि पत्रकांच्या गठ्ठ्याखाली त्यांना त्यांच्या स्पूलचा डबा सापडला.

"भाचा, हाई दख!" ते म्हणाले. एवढे खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते. "मरानं पहिले एकदाव ऐकनं शे माले."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "मशीन बिघडलंय, मामा." तेही खरं होतं.

माझ्या ओळखीचा एक ध्वनिमुद्रक गावात होता. त्याच्याकडे स्टुडिओतलं जुनं मशीन होतं. आम्ही स्पूल घेऊन गेलो. त्याने फीत लावली आणि माझा सोळाव्या वर्षीचा आवाज खोलीभर झाला: "बंधू-भगिनींनो!"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मला काहीच वाटलं नाही. हात मांडीवर होते, ते दुसऱ्या कोणाचे असावेत तसे.

मग फितीवरचा मी चार आकडे थांबलो, आणि त्या जागेत ट्रम्पेट वाजला. ड्रमवर ब्रश फिरत होता. पुन्हा माझा आवाज आला आणि त्याखाली ते सगळं दबलं.

ध्वनिमुद्रकाने समजावलं. घरगुती मशीन फितीची अर्धीच रुंदी पुसतं आणि अर्धीवरच भरतं. स्टुडिओत मात्र संगीत पूर्ण रुंदीवर भरलेलं असतं. अर्धं उरलं होतं. त्याचं मशीन पूर्ण रुंदी वाचत होतं, म्हणून दोन्ही एकदम ऐकू येत होतं. मामांचं संगीत वेगळं काढून देणारं यंत्र त्याच्याकडे नव्हतं.

"कोनी भरं हाई?" मामांनी विचारलं.

"मी. तुमची आहे हे ठाऊक असून."

मामा फितीकडे वळले. "तुना बाप टाळ्यासनी जागा सोडाले सांगे ना?"

"हो."

"बरं झायं," ते म्हणाले. "तू थांबस, तव्हढंच मनं ऐकू येस." मग ध्वनिमुद्रकाकडे वळून, "साहेब, परत लावा."

आम्ही ते तीनदा ऐकलं. हुंडा, मानपान, वरात. प्रत्येकानंतर चार आकडे ट्रम्पेट. 'बँडपुढे नाचणारा' हे वाक्य आलं की मामा मान खाली घालायचे, पण हात वर करून मला गप्प बसायची खूण करायचे. मी तर गप्पच होतो.

त्यांनी कॅसेट करून घेतली. पुढच्या उन्हाळ्यात मी धुळ्याला एका लग्नाला गेलो. वरातीला मामांचा बँड होता. नेहमीची गाणी झाल्यावर त्यांनी काठी उचलली आणि तो तुकडा वाजला, माझ्या पहिल्या मुद्द्यानंतरचा. ट्रम्पेटवाला नवा होता, पण सूर बरोबर होते. चार आकड्यांनंतर काठी खाली आली आणि सगळे थांबले. पुढचं मामांना आठवत नव्हतं.

वरातीतली माणसं गाण्याची वाट बघत उभी राहिली. मीही उभा राहिलो.