प्लांटवर गेलेली बाभूळ

भाऊजी आमच्याकडे आले की आधी चुलीत बघत. चहा ठेवला आहे का, हे नव्हे. चुलीत काय घातलं आहे, ते. मग वाकून पेटतं लाकूड बाहेर ओढत, मातीत घासून विझवत आणि म्हणत, "वहिनी, हे जाळाचं लाकूड नोहे. याचा दांडा होते."

चहा तसाच अर्धाकच्चा राही. मी म्हणे, "घ्या मंग, दांडाच प्या." ते हसत आणि तो कोमट चहा मुकाट्यानं पीत.

काही फेकवत नाही असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. भाऊजींना जाळवत नसे. आमच्या घरातली विळ्याची मूठ, भिंतीतली खुंटी, कुऱ्हाडीचा दांडा, सगळं एका टोकाला काळं आहे. माझी सून नवी आली तेव्हा म्हणाली, "आत्या, हे असं काऊन?" मी म्हटलं, "बुढ्याचा छंद."

त्यांचं शेत आणि आमचं शेत एकमेकांना लागून. मधला धुरा, म्हणजे बांध, दोघांचा. त्यावर एक जुनी बाभूळ होती.

लाकूडफाट्यावर वीज करणारा प्लांट आमच्याकडे आला, तेव्हा त्यांच्या गाड्या आधी पऱ्हाट्या नि तुराट्या, म्हणजे कापसाची नि तुरीची वाळकी झाडं, नेत. त्याला भाऊजींचं काही म्हणणं नव्हतं. "पऱ्हाटी जाळाचीच," ते म्हणत. मग पऱ्हाटी पुरेना. झाडं कापायचं मशीन धुऱ्याधुऱ्यानं फिरू लागलं. बाभळी गेल्या, हिवर गेले. दुरून बघितलं तर गाव हजामत केल्यासारखं दिसे.

पारावर रोज यावरूनच भांडण. भाऊजींचा मुलगा प्लांटच्या बाजूनं बोले. "बाबा, कोळसा एकदा खणला का संपला. झाड पुन्हा उगवते."

भाऊजी म्हणाले, "उगवते बे. पण तेच उगवते का?"

सगळे हसले. कोणीतरी ओरडलं, "बुढा आता झाडायचंही बारसं करते!"

भाऊजी उठून गेले. कोणाला काही वाटलं नाही. मी भाजी घेत बाजूला उभी होते. मला कळलं ते का उठले.

मला विचाराल तर मीही प्लांटच्याच बाजूची. बाभळीच्या सावलीत सोयाबीन बुटकं राही, आणि मोटर चालायला वीज लागतेच. पण ती एक बाभूळ मी कोणाला तोडू दिली नसती. ती कशावर उभी आहे, हे भाऊजी, त्यांची बायको आणि मी, एवढ्यांनाच माहीत होतं. बायको केव्हाच गेली.

तेव्हा मी नवी नवरी होते. त्यांची पहिली मुलगी बारशाच्या आधीच गेली. दात न आलेल्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. भाऊजी तिला धडप्यात गुंडाळून धुऱ्यावर घेऊन आले. मी आमच्या शेतात निंदत होते. त्यांनी हाक मारली, म्हणून गेले. खड्डा त्यांनी केला, वरचे दगड दोघांनी रचले. पुढे त्या दगडांतून बाभूळ उगवली. कोणी लावली नव्हती. अशा लेकरांचं कोणी बोलत नाही. पाठचा मुलगा मोठा झाला, त्यालाही कोणी सांगितलं नाही.

एका बाजाराच्या दिवशी भाऊजी आणि मी एकाच जीपनं धाड गावाला गेलो. परत येताना शेताकडे वळलो, तर धुऱ्यावर आभाळच जास्त दिसायला लागलं. बाभूळ नव्हती. जेसीबीनं मुळंसुद्धा उपसली होती. दगड चहूकडे पडले होते. मी त्या खड्ड्यात वाकून बघितलं. नुसती माती होती. भाऊजींनी बघितलं नाही.

मुलगा खुशीत होता. "मशीन शेजारीच आलं होतं बाबा, म्हणून घेतलं उरकून. काकू, तुमचा पैशाचा अर्धा हिस्सा घरी पोचवतो."

भाऊजींनी विचारलं, "कुठी नेलं?"

"कुठी म्हणजे? प्लांटवर. जाळाले."

मुलगा गेल्यावर मी म्हटलं, "सांगा त्याले."

"काय सांगू वहिनी? नाव बी नोहतं ठेवलं." मग म्हणाले, "लहान लेकराले जाळत नसतात हो."

दुसऱ्या दिवशी ते प्लांटवर निघाले. मुलगा म्हणाला, बुढ्याचं डोकं फिरलं. मी सोबत गेले. दुसरं कोण जाणार होतं?

तिथं लाकडांचा डोंगर होता. एका बाजूनं मशीन त्याचा भुगा करत होतं आणि तो पट्ट्यावरून आत जात होता. फाटकावरचा माणूस म्हणाला, "आजी, कोनतं लाकूड पायजे? इथं किती गावचं येऊन पडते!"

भाऊजी त्या ढिगाच्या कडेनं चालत राहिले. एकेका खोडाला हात लावत, वास घेत. बाभूळ बाभळीसारखीच दिसते. मी सावली धरून बसले. खूप वेळानं ते हातभर लांबीचा एक तुकडा घेऊन आले.

फाटकावरच्यानं बघितलं आणि हात हलवला. "न्या बाबा. तेवढ्यानं काय वीज अडते?"

जीपमध्ये गर्दी होती. मी म्हटलं, "खाली ठेवा ना, लोकायले टोचते." त्यांनी तुकडा मांडीवरून हलवला नाही.

मला वाटलं, याची ते मूठ-खुंटी काहीतरी करतील. त्यांनी काहीच केलं नाही. सरळ धुऱ्यावर गेले, त्याच जागी खड्डा केला, डोक्याचं उपरणं काढून तुकडा त्यात गुंडाळला. मग हात थांबला.

"वहिनी, हे दुसऱ्याच झाडाचं असलं तं?"

मी म्हटलं, "असलं तं असलं. तेही कोणाचं तरी असंनच. पुरा आता."

त्यांनी पुरलं. वर बोरीच्या काट्या टाकल्या, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून.

भाऊजी गेले त्याला आता दोन उन्हाळे झाले. त्यांना जाळलं, मोठ्या माणसाला जाळतात तसं. शेत मुलगा करतो. पेरणीच्या वेळी ट्रॅक्टर थांबवून त्यानं मला विचारलं, "काकू, धुऱ्यावर ह्या काट्या कायले? काढून टाकू का?"

मी म्हटलं, "राहू दे. नाग आहे तिथं."

तो तिकडे फिरकत नाही. काट्या कुजल्या की मी नव्या आणून टाकते. लाकडाला कुत्री उकरत नाहीत, हे मला कळतं.