शिकवलेली फिट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही — ते बिचारे आजही समजतात, आमची ऋतुजा लहानपणी आजारी होती. तुम्हाला का सांगतेय? मलाही नीट कळत नाही.

मी शिक्षिका. सोलापुरात घर, मोहोळजवळ शाळा, रोज एसटीनं जाऊन-येऊन. त्या वर्षी बदल्या निघाल्या आणि मला थेट कर्नाटकच्या सीमेवरचं गाव मिळणार असं दिसू लागलं. मूल गंभीर आजारी असेल तर सूट मिळते — हे आमच्यात सगळ्यांनाच ठाऊक. माझं मूल तर ठणठणीत. मग?

मग मी तिला फिट शिकवली. पाच वर्षांची होती. दुपारी स्वयंपाकघरात चादर अंथरायची — डोळे वर, मुठी घट्ट, दातांवर दात. पाढे घ्यावेत तशी रोज घोटून घेतली. खऱ्या फिटमध्ये चिमटा कळत नाही, म्हणून मध्येच मांडीला चिमटा काढायचे. हलली, की पुन्हा पहिल्यापासून. डाग दिसायला लागले तेव्हा लांब फ्रॉक शिवून घेतले. अशी बाई तुम्ही पाहिलीय कधी?

दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमना संशय आला. मला बाहेर बसवून त्यांनी तिला जवळ घेतलं आणि विचारलं, हे तुला कुणी शिकवलं का? तिला वाचवायला निघालेलं ते एकच माणूस. मी उठून पडद्याआड कान देऊन उभी. ऋतुजा म्हणाली, "न्हाई ओ. आई लई रडती." आणि मला काय वाटलं — लाज? छे. अभिमान वाटला. हे उत्तरही मीच घोटून घेतलेलं; पोरगी पाठांतरात पक्की निघाली.

आजाराच्या दाखल्याचा कागद मिळाला, बदली टळली. गोळ्या मात्र दोन वर्षं रोज दिल्या — आजार खरा दिसायला हवा ना? वर्गात पेंगायची. खो-खोची भारी हौस होती तिला. तीही मीच, तिच्या बाईंना चिठ्ठी देऊन मोडली.

आज ती चोवीस वर्षांची आहे. ती चादर तिला आठवत नाही, गोळ्या आठवतात. स्कूटी शिकली नाही. गॅसपाशी एकटी थांबत नाही. गेल्या महिन्यात बार्शीचं स्थळ आलं, दोघांचं पटलंही — आणि तिनं स्वतःहून मुलाला सांगितलं, मला लहानपणी फिट यायची. दोन दिवसांनी नकाराचा फोन आला.

रात्रीचा स्वयंपाक चालला होता. ऋतुजा माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आई, खरं सांगितलं ते बरोबरच केलं की मी?"

मी हो म्हणाले आणि तव्यावरची भाकरी उलटली.