सुमनच्या लग्नात आबा मामा झाले

बुलढाणा म्हटलं की लोक लोणार गाठतात. मी सांगतेय ती वाट जानेफळ ते धामणगाव बढे, आणि तीही महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं तेव्हाची.

माझे आबा, म्हणजे आजोबा, फौजेत ट्रक ड्रायव्हर होते. ब्रह्मदेशाच्या लढाईत त्यांच्या ट्रकवरचे जोडीदार म्हणजे धामणगावचे सखारामकाका, वयाने बरेच लहान. आम्ही पाटलांच्या घरचे, काका आता बौद्ध झालेले. त्यांच्या सुमनचं लग्न ठरलं आणि निरोप आला, "पोरीले मामा नाही. तुमी उभे राहा."

"जा, पण तिथं जेवू नका," आमच्या घरातली काकू म्हणाली. "गाव काय म्हणन?"

"ट्रक नदीत गेला तवा त्यानंच मले केसाले धरून ओढलं," आबा म्हणाले. "तवा जात इचाराले मले सवड नोती." मग माझ्याकडे वळून, "तू येतं का व?"

मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. पिशवी आधीच भरून ठेवली होती.

मेहकरला गाडी बदलायची. तिथं वेळ मिळाला तर बालाजीचं दर्शन घ्या. आम्ही घेतलं. चिखलीत गरम भजी, बुलढाण्यात चहा. पुढे राजूर घाट. गाडी लागत असेल तर भजी टाळलेलीच बरी, हे मला उशिरा कळलं. आबा ड्रायव्हरच्या मागे बसून प्रत्येक वळणावर स्वतःच पायाने ब्रेक दाबत होते.

शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "बाबा, गाडी तुमी चालवून राह्यले का मी?"

"मी चालवली असती," आबा म्हणाले, "पण तुही नोकरी जाईन ना बे!"

अख्खी गाडी हसली.

धामणगावात सखारामकाका न्यायला आले होते. दोघांनी आधी कडक सॅल्यूट ठोकला, मग मिठी मारली ती सुटेचना.

मंडपात पांढऱ्या साडीतल्या सुमनताईचा हात धरून आबांनी तिला आणलं. वंदना झाली, हार पडले.

पंगतीच्या वेळी वऱ्हाडातल्या एका म्हाताऱ्याने हळूच विचारलं, "पाटील इथं जेवतीन का?"

आबांनी पंगतीत मांडी घातली. "जेवाले तं आलो! बट्ट्या वाढा."

वरण-बट्टी आणि जाळ वांग्याची भाजी. मी नाक पुसत पुसत दोनदा घेतली.

घरी परतलो तेव्हा काकूने विचारलंच, "जेवले का तिथं?"

"पोटभर," मी म्हटलं.

तिने पाण्याचा तांब्या आमच्या हाती न देता ओट्यावर ठेवला. आबांचा चेहरा पडला. घाटातला सगळा रुबाब गेला. तेवढ्यात आजी आतून आली. तांब्या उचलून तिने आबांच्या हातात दिला.

"मामा झाले ना तुमी? मंग आता पोरीले माहेरपणाले आना लागन."

सुमनताई आली. आजीच्या शेजारी बसून जेवली. भावकीतल्या काहींनी आमच्याकडे येणं सोडलं. आबांनी त्यांची वाट पाहिली नाही.

आबा जाऊन कितीतरी वर्षं झाली. रस्ता आता चांगला आहे, घाटात अजूनही जपून जा. मी धामणगावला जाते तेव्हा सुमनताई शेजारणींना हाक मारते, "या व, माह्या माहेरचं माणूस आलं!"